लाभक्षेत्रातला वाचक

वाचकाने आपल्या वाचनाविषयी विस्ताराने लिहावे आणि त्या लिहिण्याला ग्रंथरूप देण्याचे धाडस करावे, या गोष्टीकडे आपल्या वाङ्मयव्यवहारात अजूनही काहीशा संशयानेच पाहिले जाते. समीक्षकाजवळ शास्त्र असते, परिभाषा असते, बहुधा विद्यापीठातील आसनही असते. ग्रंथपरीक्षण करणाऱ्यापाशी संपादकाचा हुकूम आणि मजकुराची ठरलेली मर्यादा असते. परंतु जो केवळ वाचक आहे, ज्याने पुस्तक पदरच्या पैशाने विकत घेतले किंवा वाचनालयाच्या वहीत सही करून घरी आणले, त्याने लेखकाला फार तर एखादे पत्र लिहावे, आणि त्या पत्राला उत्तर आलेच तर ते फडताळात जपून ठेवावे, एवढाच त्याचा अधिकार आपण मानत आलो आहोत. पुढील पृष्ठांत एकत्र केलेली टिपणे अशाच एका बिनअधिकाराच्या माणसाची आहेत. ती मराठीतील अलीकडच्या कादंबऱ्यांविषयी आणि आत्मकथनांविषयी आहेत. ‘अलीकडच्या’ हे विशेषण मी बरेच सैल वापरले आहे, कारण दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली निघाले असले तरी माझ्या लेखी ते अजून जुने झालेले नाही, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली काही पुस्तके, ज्यांची नावे घेण्याचे येथे प्रयोजन नाही, ती छापखान्यातून बाहेर पडतानाच वृद्ध झालेली होती.

पुस्तक बरे की वाईट हे ठरवण्याचे मी टाळले आहे असा कोणी समज करून घेऊ नये. तसे ठरवल्यावाचून कोणालाच वाचता येत नाही, आणि जो तसे म्हणतो तो विनयाचे ढोंग करीत असतो. परंतु प्रत्येक टिपणाच्या आरंभी, किंवा आरंभी जमले नाही तर मध्येच कोठे तरी, मी एक तपशील नमूद केला आहे, जो परीक्षणांत सहसा आढळत नाही: पुस्तक वाचणारा बसला आहे कोठे. या प्रस्तावनेत मला मुख्यत्वे त्या तपशिलाचेच समर्थन करावयाचे आहे.

मी नेरूळला राहतो. मुंबईचा वाढता भार खाडीपलीकडे उतरवावा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली, १९७० च्या मार्च महिन्यात सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांची जमीन, म्हणजे भाताची खाचरे, मिठागरे, खाजणे, गुरचरण, सारे काही, नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आले. ही हकीकत येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा दुसरा भाग तितका ठाऊक नसतो. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईच्या बाजूला शेतकरी मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच माणसे मरण पावली. साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकास परत देण्याची जी योजना पुढे अमलात आली तिच्यामागे हे रक्त आहे. ज्या सदनिकेत बसून मी कादंबऱ्या वाचतो तिच्याखालची जमीन माझी नाही, आमच्या सोसायटीचीही नाही. ती सिडकोकडून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेली आहे, आणि सिडकोकडे येण्यापूर्वी ती कोणाच्या नावे होती ते जुन्या सातबाराच्या उताऱ्यावर आणि फेरफाराच्या नोंदींत पाहावयास मिळेल. तेथे म्हात्रे असतील, भोईर असतील, ठाकूर असतील. त्यांची नातवंडे सेक्टरांच्या मधोमध बेटासारख्या उरलेल्या शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे अशा गावठाणांत राहतात, आणि आमच्या इमारतीत येणारा पाण्याचा टँकर बहुधा त्यांच्यापैकीच कोणाचा तरी असतो.

आता या माहितीचा वाङ्मयाशी संबंध काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील, आणि तो रास्तच आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष या नात्याने काव्यानंदाची जी उपपत्ती मांडली, तिला त्यांनी ‘सविकल्प समाधी’ असे नाव दिले होते. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, त्याच्याशी तादात्म्य पावतो, पण तसे करताना स्वतःचे भान मात्र सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच आनंदाचे रहस्य आहे, असा तिचा गाभा. विद्यार्थिदशेत मी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली, आणि इतरांप्रमाणे विसरलो. या शहरात राहून वाचू लागल्यावर ती पुन्हा आठवली ती एका अडचणीच्या रूपाने. केळकरांच्या मनातील वाचकाचे जे स्वत्व आहे ते फार स्वच्छ आहे. त्याला जात नाही, पगार नाही, घराचा करारनामा नाही. तो ‘मी म्हणजे नायक नव्हे’ एवढेच जाणतो. परंतु ज्या अनुभवात मी शिरू पाहतो आहे त्या अनुभवाला कारणीभूत झालेल्या व्यवहारात माझे स्वत्व लाभधारक म्हणून नोंदलेले असेल, तर ती समाधी कोणत्या प्रकारची म्हणावयाची? धरणाच्या सरकारी कागदांत दोन नकाशे जोडलेले असतात, एक बुडीत क्षेत्राचा आणि दुसरा लाभक्षेत्राचा. गेल्या अर्धशतकातील मराठीतले पुष्कळसे मोलाचे गद्य पहिल्या नकाशात लिहिले गेले आहे आणि पुष्कळसे दुसऱ्यात वाचले गेले आहे. हे मनात ठेवून वाचले असता पुस्तके निराळी दिसतात, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते खरे की खोटे याचा निवाडा टिपणे वाचून करावा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चे. १९९१ साली आलेली आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मी प्रथम वाचली ती धरणग्रस्तांची शोकांतिका म्हणून, आणि त्या वाचनात मला गहिवर आला, संताप आला, खैरमोडे गुरुजींविषयी अपार आदर वाटला. जे जे वाटावयाचे ते सारे वाटले. नंतर जवळच्या गावठाणातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी ती माझ्याकडून वाचावयास नेली. त्यांनी ती सावकाश, जवळजवळ एक पावसाळाभर वाचली, आणि परत आणून दिली तेव्हा त्यांच्या बोलण्यात गहिवर मुळीच नव्हता. कलम चारची नोटीस, मोजणी, पंचनामा, दर ठरवताना झाडांची आणि विहिरींची लावलेली किंमत, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणारी फाईल, ही सारी प्रकरणे त्यांनी जमाखर्च तपासावा तशी तपासली होती, आणि लेखक सरकारी नोकरीतला असला पाहिजे असा अचूक निष्कर्ष काढला होता. कोणता अधिकारी कोणत्या पायरीवर कसे बोलतो ते या माणसाने आतून पाहिले आहे, असे त्यांचे मत पडले. ज्या पानांवर मी घाईने पुढे गेलो होतो तीच पाने त्यांनी थांबून वाचली होती. शोक त्यांना नवा नव्हता. नवी होती ती त्या शोकाची कार्यपद्धती कोणी तरी इतक्या बारकाईने लिहून ठेवली आहे ही गोष्ट.

त्यांच्या या वाचनामुळे कादंबरीविषयीचे माझे एक मत पक्के झाले, ते असे की ‘झाडाझडती’चे सामर्थ्य तिच्या करुणेत नसून तिच्या दफ्तरात आहे. करुणा मराठी कादंबरीत मुबलक आहे. खांडेकरांपासून तिचा पुरवठा कधी खंडित झालेला नाही. अन्याय प्रत्यक्षात कोणत्या खिडकीतून, कोणत्या सहीने, कोणत्या शेऱ्याने घडतो, याचे ज्ञान मात्र दुर्मीळ आहे, आणि ते ज्यांच्यापाशी असते ते अधिकारी बहुधा कादंबऱ्या लिहीत नाहीत, लिहिल्या तर इतिहासावर लिहितात. (पाटील यांनीही ‘पानिपत’ आधी लिहिले, हे खरेच.) रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’त साक्षरता मोहिमेचा जो कागदी फार्स आहे तो याच ज्ञानाचे विनोदी रूप आहे, त्यावरचे टिपण लहान आहे, कारण विनोद समजावून सांगण्याइतके निरुपयोगी काम दुसरे नाही.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. विषय वरवर पाहता तोच, धरण आणि विस्थापन. परंतु येथे नोटीस नाही, कचेरी नाही, जवळजवळ समाजही नाही. गाव सोडताना मागे सुटलेली जनावरे रानात राहून रानटी झाली आहेत, आणि एक माणूस त्यांना आणावयास परत त्या जागी जातो. एवढ्या कथावस्तूवर खोत यांनी सबंध कादंबरी तोलली आहे. पाटील यांच्या कादंबरीत विस्थापनाने माणसांचे एकमेकांशी असलेले व्यवहार मोडतात; खोत यांच्या कादंबरीत माणूस आणि जनावर, जनावर आणि रान यांच्यातील त्याहून जुना करार मोडतो, आणि त्या कराराचा मोबदला कोणत्याच तक्त्यात बसत नाही. मला विचाराल तर ही दुसरी कादंबरी अधिक श्रेष्ठ आहे. पण गावठाणातील त्या गृहस्थांना ती रुचली नाही. माणसे परत येत नाहीत तिथे म्हशी कशाला आणायच्या, असे ते म्हणाले, आणि या वाक्यावर मी टिपणात दोन पाने खर्च केली असली तरी त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

नवी मुंबईत मात्र बुडीत क्षेत्राचा आणि लाभक्षेत्राचा हे दोन नकाशे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि म्हणून येथे बसून या कादंबऱ्या वाचणे नागपुरात किंवा पुण्यात बसून वाचण्यापेक्षा अधिक अवघड आहे. मुंबईचे घाऊक बाजार तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागून माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत येऊन राहिले. त्यांतले कितीतरी सातारा जिल्ह्यातले, पाटण-जावळीकडचे. म्हणजे ज्या खोऱ्यात कोयनेचे पाणी अडवले गेले त्याच मुलखातले. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या काही कुटुंबांचे पुनर्वसन तेव्हाच्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत करण्यात आले होते, हे तर सर्वश्रुतच आहे. एका खोऱ्यात ज्याचे घर पाण्याखाली गेले असा माणूस दुसऱ्या गावाच्या संपादित खाचरावर बांधलेल्या खोलीत राहतो, आणि पहिल्या दुःखाचा वारस असूनही दुसऱ्या दुःखाचा भाडेकरू असतो. अशा माणसाने ‘झाडाझडती’ वाचली तर तो कोणत्या बाजूला बसेल? या प्रश्नाला हात घालणारी कादंबरी हाती आली तर या पुस्तकातील निम्मी टिपणे मी आनंदाने काढून टाकीन.

तुर्भ्याच्या बाजाराचा उल्लेख आला म्हणून ‘बारोमास’विषयी थोडे. सदानंद देशमुख यांची ही कादंबरी २००२ साली आली. शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत परतून शेतीचाही न राहिलेला एकनाथ तनपुरे हा तिचा नायक, आणि बियाण्याच्या पिशवीपासून मालाच्या भावापर्यंत प्रत्येक टप्प्यावर शेती कशी अंगावर येते याचे त्यात जे चित्रण आहे ते आता इतके परिचित झाले आहे की त्याची नवलाई कोणाला उरलेली नाही. मी ते वाचले तेव्हा रात्रीच्या ट्रकांचा आवाज ऐकू येत होता. ज्या भावाने एकनाथसारखा माणूस मोडतो त्याच भावाने माझ्या घरी कांदा येतो. आणि भाव कोसळला की वर्तमानपत्रात बातमी एकाच पानावर दोनदा छापली जाते, एकदा गृहिणींना दिलासा म्हणून आणि एकदा शेतकऱ्यांत चिंता म्हणून. कादंबरीकाराला दुसरी बातमी लिहावी लागते. वाचक बहुधा पहिल्या बातमीत राहतो.

आत्मकथनांकडे वळताना प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण कादंबरीला शपथ घ्यावी लागत नाही आणि आत्मकथनाला, निदान वाचकाच्या मनात, घ्यावी लागते. या संबंधात आमच्या परिसरातील एका जुन्या आत्मवृत्ताचा उल्लेख मला अगत्याचा वाटतो. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली, बंडाचा डाव विसकटत चालला असताना, श्रीशैल येथे बसून आपले चरित्र स्वतःच्या हाताने लिहून काढले. ते पकडले गेले तेव्हा हे लिखाण आणि त्यांची रोजनिशी सरकारच्या हाती पडली, आणि पुण्याच्या खटल्यात ती त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल झाली. सार्वजनिक काका त्यांच्या बचावाला उभे होते, पण आरोपीच्या स्वतःच्या अक्षरापुढे वकील काय करणार? काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्या आत्मवृत्ताचे पहिले वाचक फिर्यादी पक्षाचे होते. मला पुष्कळदा असे वाटते की मराठीत आत्मकथन वाचण्याची जी रीत पडली तिच्यात त्या पहिल्या वाचकांचे काही तरी उरून राहिले आहे: लेखक कैफियत देतो आहे असे मानून आपण वाचावयास बसतो, आणि पान उलटताना हळूच न्यायासनावर चढतो.

ही रीत स्त्रियांच्या आत्मकथनांना सर्वाधिक सोसावी लागली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला ती सोसावी लागली नाही याचे श्रेय बाईंच्या विनोदाला आहे, कारण हसवणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणे कठीण जाते. पण हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४), सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) ही पुस्तके निघाल्यावर घरोघरी आणि दिवाणखान्यांतून जी चर्चा झाली ती वाङ्मयाची नव्हतीच. खरे कोण बोलते, दोष कोणाचा, हे आता सांगावयाचे काय कारण होते, असे तिचे मुद्दे होते. ‘आहे मनोहर तरी’च्या बाबतीत तर साऱ्या महाराष्ट्राने लाडक्या माणसाच्या वतीने वकीलपत्र घेतले होते. या गदारोळात त्या पुस्तकाची घडण कोणी पाहिली नाही: काळाचा क्रम मोडून, एका आठवणीच्या धाग्याने दुसरी ओढून काढीत, मध्येच स्वतःला प्रश्न विचारून उत्तर न देता पुढे जाणारे ते गद्य, आणि नवऱ्यावरच्या टीकेपेक्षा स्वतःच्या कर्तबगारीवरचा, जिचे लेखिकेला शेवटपर्यंत काय करावे ते कळले नाही असा, तिचा राग. ते पुस्तक मला सर्वस्वी आवडते असे नाही. त्यात स्वतःच्या काटेकोरपणाविषयीचा एक अभिमान आहे जो काही पानांवर कंटाळवाणा होतो. परंतु कंटाळा येणे हा वाचकाचा हक्क आहे, निकाल देणे हा नव्हे, आणि त्या टिपणात मी हे दोन्ही अलग ठेवण्याची खटपट केली आहे.

दलित आत्मकथनांच्या वाचनात न्यायासनाची जागा दुसऱ्या एका आसनाने घेतली. १९७४ साली वाचकांची चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ने ‘बलुतं’ काढले, दोन वर्षांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ काढले, आणि मध्यमवर्गीय घरांत ही पुस्तके पोहोचली. ती पोहोचली याचे मोल मी कमी लेखीत नाही. पण तेथे त्यांचे स्वागत झाले ते बहुधा हळहळीने. किती भोगले या माणसांनी, असा उद्गार निघाला, आणि भोगले या क्रियापदाला कर्ता मिळाला तरी भोगावयास लावले याला कर्ता मिळाला नाही. ‘बलुतं’ची रचना मात्र ही हळहळ आधीच ओळखून केल्यासारखी आहे. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. नोकरी लागलेला, पुस्तके वाचणारा, पांढरपेशा वस्तीत वावरणारा माणूस आपल्याच अंगातील मागे राहिलेल्या माणसासमोर अवघडून बसलेला आहे. लेखकाने स्वतःलाच श्रोत्याच्या जागी बसवल्यावर वाचकाला बसावयास आयती गादी उरत नाही. ही युक्ती नव्हे, ही त्या पुस्तकाची नीती आहे, आणि शैली म्हणून तिचे जेवढे कौतुक व्हावयास हवे होते तेवढे झाले नाही, कारण दुःखाचे पुस्तक रचलेलेही असते हे मान्य करणे आपल्या वाचकांना जड जाते.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’विषयीचे टिपण या संग्रहात सर्वांत लांब आहे, आणि त्याचे कारण सर्वस्वी वाङ्मयीन नाही. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. आजोळच्या माजघरात बांबूची सुपे, रोवळ्या, डालगी असत, आणि नवी आणलेली वस्तू घरात घेण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडण्याची रीत होती. आम्हा मुलांना ते पाणी म्हणजे नव्या वस्तूची पूजा वाटे. २००३ साली ‘आयदान’ आले तेव्हा त्या सुपांची दुसरी बाजू मी प्रथम पाहिली: विणणारी आई, विधवा, अबोल, हाताच्या कामाला कधी खळ न देणारी, आणि माल डोक्यावर घेऊन चढणीच्या वाटेने रत्नागिरीच्या बाजारास जाणाऱ्या बायका. तेथील हास्यविनोद, शिव्या, भुकेच्या गोष्टी, लेखिकेने पुढे मुंबईत सरकारी नोकरी करताना आणि लिहू लागल्यावर घरातल्या घरात दिलेली झुंज, हे सारे वाचताना दर थोड्या पानांनी ते माजघर मध्ये येत राहिले. केळकरांची समाधी अशा वेळी लागत नाही. ती लागू नये असेच मला वाटते, आणि तरीही ‘आयदान’ हे मी वाचलेल्या मराठी आत्मकथनांतील सर्वांत आनंददायक पुस्तकांपैकी एक आहे, ही विसंगती मी त्या टिपणात सोडवलेली नाही, नुसती मांडली आहे.

बेबी कांबळे यांच्याविषयी मात्र दोन शब्द येथेच लिहावेत असे वाटते. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणला लहानसे दुकान चालवताना पुड्या बांधावयास आलेल्या रद्दी वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचून काढीत, आणि स्वतःचे लिखाण घरच्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून कित्येक वर्षे लपवून ठेवीत. वाचनाविषयी, वाचनसंस्कृतीविषयी, ग्रंथालयांच्या ऱ्हासाविषयी जी भाषणे आपण ऐकतो, त्यांत हा वाचक कोठेच नसतो. पुडीच्या कागदावर कादंबरीचे अर्धे प्रकरण येते, बातमीचा शेवट फाटलेला असतो, आणि जे हाती आले तेच पूर्ण मानून पुढे विचार करावा लागतो. ‘जिणं आमुचं’ची मांडणीही काहीशी तशीच आहे, त्यात ‘मी’ फार थोडा, ‘आम्ही’ भरपूर, आणि प्रसंग जेथे तुटतात तेथे सांधण्याची लेखिकेला घाई नाही.

कादंबरी आणि आत्मकथन यांच्या सीमेवर जी पुस्तके उभी आहेत त्यांच्याबाबत हद्दीचा वाद मी घातलेला नाही. आनंद यादव यांचे ‘झोंबी’ कोणत्या कप्प्यात ठेवावे यावर ग्रंथपालांनी भांडावे. नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ २०१७ साली कादंबरी म्हणूनच निघाली, जत तालुक्यातील दुष्काळी माळावरच्या एका पोराची शाळेसाठीची फरफट तिच्यात आहे, आणि ती वाचताना हे लेखकाचे स्वतःचे जिणे असणार हे कोणालाही कळते. पण कादंबरी म्हटल्यामुळे लेखकाला जो एक पडदा मिळाला आहे त्याच्यामागे डोकावण्याची आवश्यकता मला वाटली नाही. अवजड कादंबऱ्यांपैकी ‘हिंदू’ आणि ‘सातपाटील कुलवृत्तांत’ या दोहोंवर टिपणे आहेत. नेमाड्यांच्या खंडेरावाला मोहेंजोदडोच्या उत्खननावरून बाप मरणपंथाला लागल्यामुळे गावी परतावे लागते, आणि मग त्या परतीच्या वाटेवर साऱ्या हिंदुस्थानचा पसारा येऊन पडतो. हा पसारा उपसताना मी कधी थक्क झालो, कधी थकलो. पठारे यांच्या कादंबरीतील पिढ्यांची शोधयात्रा मला अधिक ओलसर, अधिक माणसाळलेली वाटली. आपले मूळ शोधण्याची ही थोर हौस ज्या शहरात कोणाचेच मूळ दोन पिढ्यांहून खोल नाही, किंवा ज्यांचे आहे त्यांना गावठाणाच्या रेषेत कोंडलेले आहे, तेथे कशी वाचली जाते, एवढाच त्या टिपणांचा विषय आहे. नंदा खरे यांच्या ‘उद्या’विषयी मी थोडकेच लिहिले, आखीव शहरात राहणाऱ्याने आखीव भविष्याची कादंबरी वाचणे हा अनुभव अस्वस्थ करणारा आहे, आणि अकादमीचा पुरस्कार नाकारणाऱ्या त्या स्थापत्य अभियंत्याला आमच्यासारख्या शहरांतले नळ, नाले आणि नियोजन आमच्याहून चांगले कळत होते.

जे या संग्रहात नाही त्याचाही हिशोब द्यावयास हवा. ऐतिहासिक कादंबऱ्या नाहीत, कारण त्या मी वाचतो पण त्यांच्याविषयी मला काही सुचत नाही. अनुवाद नाहीत. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की ज्या जमिनीचा मी एवढा घोष केला तिच्या मूळ माणसांच्या शब्दांवर येथे एकही टिपण नाही. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते त्यांत कुळांच्या, गावांच्या, देवांच्या स्मृती पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या आहेत. ते ऐकण्याची वस्तू आहे, आणि माझे शिक्षण वाचण्याचे झालेले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले त्याच्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला; वाघिवली, कोल्ही, कोपर, तरघर, चिंचपाडा ही नावे आता बहुतांशी पुनर्वसनाच्या कागदांवर उरली आहेत. त्या गावांतील कोणी तरी लिहीत असेल, कदाचित पुडीचे कागद वाचणाऱ्या एखाद्या बाईसारखेच लपवून लिहीत असेल. वाशी आणि पनवेलच्या वाचनालयांत नव्या पुस्तकांच्या फळीवर मी तेवढ्यासाठी अधूनमधून नजर टाकतो.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. टिपणे लिहिल्याच्या क्रमाने लावलेली नाहीत, विषयाच्याही नाहीत. प्रकाशकांनी वर्षानुक्रम सुचवला होता तो मी मान्य केला नाही, कारण मी त्या क्रमाने वाचलेलेच नाही. मूळ पुस्तकांतून उतारे दिलेले नाहीत. उतारा दिला की वाचक तेवढ्यावर समाधान मानतो. ज्यांनी मूळ पुस्तके वाचली नाहीत त्यांनी टिपणे आधी वाचल्यास विशेष बिघडणार नाही. अपवाद फक्त ‘रिंगाण’चा: त्यावरचे टिपण कादंबरी वाचून झाल्याखेरीज उघडू नये, कारण म्हशींचे काय झाले ते मी तेथे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे.